पिशवी म्हणजे नक्की काय काय?

मराठीतून वैद्यक शिकवता येईल की नाही, या वादात मला आता फारसा रस उरलेला नाही. दर दोन-चार वर्षांनी तो उकरला जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने एमबीबीएसची हिंदी पाठ्यपुस्तकं काढली, तेव्हा आपल्याकडेही तो झालाच. एका बाजूला 'मातृभाषेतून ज्ञान' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'फीमरला काय म्हणणार, सांगा पाहू' असं विचारून हसणारे. दोघेही बोलत असतात ते डॉक्टरबद्दल. डॉक्टर कुठल्या भाषेत शिकेल, डॉक्टरची परीक्षा कुठल्या भाषेत होईल, डॉक्टरला अमेरिकेला जायला अडचण येईल का. या सगळ्या चर्चेत टेबलापलीकडे स्टुलावर बसलेला माणूस कुठेच नसतो. त्याच्या शरीराच्या कुठल्या भागाबद्दल बोलणं चाललंय, हे त्याला कळलं की नाही, हा प्रश्न कुणालाच पडत नाही.

मला तो प्रश्न पडला आणि बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात हिंडताना तो डोक्यातून जाईनासा झाला. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी या मुलखाबद्दल दोन शब्द. आम्हा गोमंतकीयांना सीमाभाग म्हटला की बेळगाव, निपाणी, कारवार आठवतं. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद ही नावं आपल्या तोंडी येत नाहीत. बहमनींच्या राजधान्या इथल्या, बसवण्णांचं कल्याण इथलं. पुढे हा सगळा टापू निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं ते २०१४ मध्ये. इथल्या आठवडी बाजारात तुम्ही अर्धा तास उभे राहिलात तर मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू अशा चार भाषा कानावर पडतात. तांड्यावरची माणसं आली की लमाणांची गोरबोली ही पाचवी. एकाच घरात सासू मराठी बोलते, सून कन्नड आणि किराणा दुकानदाराशी दोघीही दखनी. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे मराठी-कोंकणीवरून जी डोकी फुटली ती आठवली की मला इथे जरा ओशाळल्यासारखंच होतं.

आता या माणसांना दुखतं तेव्हा ती काय म्हणतात?

गुडघ्याचंच घ्या. आपण प्रमाण मराठीत गुडघा म्हणतो. मराठवाड्याकडून आलेला टोंगळा म्हणतो. कोकणात ढोपर. आमच्या कोंकणीत दिंबी. ढोपराची गंमत अशी की तो शब्द कुठे गुडघ्याला वापरतात तर कुठे हाताच्या कोपराला. पुण्याचे विद्वान यावर हसतात. पण कन्नडमध्ये गुडघ्याला म्हणतात मोणकालु आणि कोपराला म्हणतात मोणकै. कालु म्हणजे पाय, कै म्हणजे हात. म्हणजे सांध्याचं नाव एकच, तो हाताचा की पायाचा एवढंच पुढे जोडायचं. हे अडाणीपण नव्हे, ही शरीररचनेची समज आहे. जिथे हात किंवा पाय मधोमध दुमडतो ती जागा, असा तो विचार आहे.

किंवा काळीज घ्या. मराठीत आणि कोंकणीत काळीज म्हणजे हृदय. 'काळजाचा ठोका चुकला' म्हणतो आपण. पण खाटकाकडे जाऊन कलेजी मागितली तर तो यकृत देतो, हृदय नाही. दखनीतला जिगर हाही मुळात फारसीतला यकृताचाच शब्द, पण 'जिगरवाला' म्हणताना कुणाच्या मनात यकृत नसतं. आमच्या ख्रिस्ती बांधवांनी यकृतासाठी पोर्तुगीज वळणाचा फिगद हा शब्द घेतला आणि काळीज हृदयापुरतं मोकळं ठेवलं, हे एका परीने शहाणपणच झालं. आणि कन्नडमध्ये माया असते ती करुळात, म्हणजे आतड्यात. आपलंही आतडं तुटतंच की. इथपर्यंत सगळं कवितेच्या प्रांतातलं आहे, कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते दवाखान्यात. पित्त घ्या. मराठी माणसाचं पित्त म्हणजे आंबट ढेकर, किंवा अंगावर उठणाऱ्या गांधी, किंवा राग. कन्नडमध्ये यकृताला पित्तजनकांग म्हणतात आणि पित्ताशयाला पित्तकोश. मराठी बाईला कन्नड परिचारिका 'पित्तकोशात खडा आहे' असं सांगते, तेव्हा बाई मनात म्हणते, पित्त तर मला पहिल्यापासूनच आहे, आणि सोड्याची पुडी घेऊन घरी जाते. जांघ घ्या. मराठीत जांघ म्हणजे पोट आणि मांडी मिळतात ती खोबण. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ते तिथे. हिंदीत जांघ म्हणजे अख्खी मांडी. आणि संस्कृतात, आयुर्वेदाच्या ग्रंथांत, जंघा म्हणजे गुडघ्याखालचा घोट्यापर्यंतचा भाग, आपली नडगी-पोटरी. एकच शब्द तीन भाषांत तीन जागी. शिकलेला डॉक्टर हिंदीतून विचारतो, 'जांघ में दर्द है?' आणि म्हातारा 'हां' म्हणतो. दोघे दोन वेगळ्या जागांबद्दल बोलत असतात.

यावर आमच्या परिभाषावाल्यांचा उपाय ठरलेला. लोकांचे शब्द ढिसाळ आहेत ना, मग शुद्ध संस्कृत शब्द घडवा. घडवले. मांडीच्या हाडाला ऊर्वस्थी म्हटलं आणि छातीच्या मधल्या हाडाला उरोस्थी. ऊरु म्हणजे मांडी आणि उर म्हणजे छाती, व्याकरण चोख आहे. पण मित्रहो, मोठ्याने म्हणून बघा. ऊर्वस्थी, उरोस्थी. फोनवर, गोंगाटात, घाईत, रात्रपाळीला. कुठलं हाड मोडलं? मराठीत मांडी, छाती, बरगडी, नडगी, पोटरी, घोटा, टाच, चवडा, दंड, कोपर, मनगट असे एकाहून एक नेमके शब्द घराघरांत पडून होते. इंग्रजी बोलीत 'लेग' म्हटलं की सगळा पाय आला. आपल्या शेतमजुराला नडगी आणि पोटरी यांतला फरक शिकवावा लागत नाही. 'मांडीचं हाड' म्हणायला काय कमीपणा होता? पण नाही. परिभाषेला सोवळं हवं.

तर मग इंग्रजीच बरी, असं म्हणणाऱ्यांचा आता हशा ऐकू येतोय. त्यांनाही एक प्रश्न. 'सर्व्हायकल' म्हणजे काय? उत्तरेकडे कुणालाही विचारा, 'मुझे सर्वाइकल है' म्हणजे मान दुखते. आपल्याकडेही मानेला पट्टा लावलेला माणूस तेच सांगतो. आता त्याच्या बायकोला 'सर्व्हायकल कॅन्सरची तपासणी करून घ्या' म्हणून सांगितलं तर तिने काय समजायचं? लॅटिनमध्ये सर्व्हिक्स म्हणजे मान. गर्भाशयाच्या खालच्या निमुळत्या भागालाही तेच नाव पडलं. हिंदीने त्याचं भाषांतर ग्रीवा केलं, कन्नडने गर्भकंठ आणि मराठीने गर्भाशयमुख. एकाच इंचभर अवयवाला कुणी मान म्हणतं, कुणी गळा, कुणी तोंड. आणि इंग्रजी शब्द तसाच ठेवला की बाई मानेचा एक्स-रे घेऊन येते. म्हणजे इंग्रजीने नेमकेपणा येतो हाही भ्रमच. नेमकेपणा येतो तो दोघांच्या डोक्यात एकच चित्र उभं राहिलं तर. शब्द कुठलाही असो.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, बरं आहे, भाषेच्या गमतीजमती आहेत. गमती इथे संपतात.

भालकीकडच्या एका गावात मित्राच्या घरी उतरलो होतो. त्याच्या वहिनी, वय एकतीस-बत्तीस, दोन मुली. सारख्या पदराने वारा घेत होत्या. अंगातून वाफा निघतात म्हणाल्या, रात्री झोप नाही, हाडं कणकणतात. दोन वर्षांपासून. उष्णता आहे म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी पिणं चाललं होतं. त्याआधी काय झालं होतं? "पिशवी काढली भाऊ. अंगावरून पांढरं जात होतं, कंबर धरायची. डाक्टर म्हनले पिशवीला सूज हाय, ठिवली तर कॅन्सर होईल. लेकरं झाली की, आता काय करायची ठिवून?" कुठल्याशा खासगी दवाखान्याचा कागद त्यांनी ट्रंकेतून काढून दाखवला. सगळा इंग्रजीत. त्यावर शस्त्रक्रियेचं नाव लघुरूपांत होतं, 'टीएएच विथ बीएसओ'. मी काही डॉक्टर नव्हे. पणजीला माझ्या एका डॉक्टर मित्राला फोन करून विचारलं. तो म्हणाला, पहिली तीन अक्षरं गर्भाशयाची. पुढची तीन म्हणजे दोन्ही बाजूच्या नळ्या आणि दोन्ही बीजकोशही काढलेत.

वहिनींना मी विचारलं, आणखी काही काढलं असं सांगितलं होतं का? त्या म्हणाल्या, "नाही बा. पिशवीच काढली फकस्त."

त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं आणि कागदही खोटं सांगत नव्हता. त्यांच्या भाषेत पिशवी म्हणजे ते सगळंच. गर्भाशय, त्याचं मुख, नळ्या आणि बीजकोश या चार वेगवेगळ्या गोष्टींना मिळून एक नाव. बीजकोश गेले की वयाच्या तिशीतही पाळी जाण्याच्या वयातलं सगळं एकदम अंगावर येतं, कारण स्त्रीच्या शरीरातलं महत्त्वाचं संप्रेरक मुख्यतः तिथे तयार होतं. मग त्या वाफा, ती न येणारी झोप, ठिसूळ होत जाणारी हाडं. पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढतो. धन्या-जिऱ्याच्या पाण्याने यातलं काय थांबणार?

आणि हा एका बाईचा किस्सा नाही. कलबुर्गी जिल्ह्यात तरुण बायकांची, त्यातही मुख्यतः लमाण आणि दलित बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढली जातात, अशा तक्रारींवरून २०१५ मध्ये आरोग्य खात्याची चौकशी झाली. काही खासगी रुग्णालयांत अडीच वर्षांत दोन हजारांहून अधिक अशा शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं, त्यांतल्या कितीतरी बायका चाळिशीच्या आतल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये या बायका कलबुर्गीत रस्त्यावर उतरल्या. पलीकडे महाराष्ट्रात, बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा-सात जणींमागे एक. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते.

आता या भागातल्या भाषांकडे पुन्हा बघा. मराठीत पिशवी. कन्नड बोलीत गर्भचीला. चीला म्हणजे पिशवी. तेलुगूत गर्भसंची, संची म्हणजे पुन्हा पिशवीच. दखनीत बच्चेदानी, मुलं ठेवायचं भांडं. चार भाषा, चारही ठिकाणी ती एक ठेवण्याची वस्तू. संस्कृत पंडितांनी यावर नाक मुरडण्याचं कारण नाही. गर्भाशय म्हणजे तरी काय? आशय म्हणजे साठवणीची जागा. सुश्रुताने शरीरातले सात आशय सांगितले आणि स्त्रीला आठवा, गर्भाशय. ती गर्भाची पिशवीच, फक्त सोवळं नेसलेली. अंडाशय, बीजांडकोश हेही तसेच. आशय काय आणि कोश काय, साठवणच. तिथे काही घडतं, तयार होतं, हे शब्दात कुठेच नाही. त्यात अंडकोश हा जवळचा शब्द पुरुषाच्या अवयवासाठी राखून ठेवलेला, त्यामुळे 'अंडाशय' म्हटलं की खेड्यातली बाई लाजून मान खाली घालते आणि पुढचं ऐकतच नाही.

पिशवीचं काम काय? भरणं. भरून रिकामी झाली, आता भरायची नाही, वर फाटायला लागलीय, तर टाकून द्या. हा हिशेब बाईच्या मनात आधीच तयार असतो. डॉक्टरला तो शिकवावा लागत नाही, नुसता पुढे सरकवावा लागतो. 'मूत्रपिंड काढू' म्हटलं तर माणूस दहा जणांना विचारतो. 'पिशवी काढू' म्हटलं तर बाई सासूला विचारते, आणि सासूची स्वतःचीही काढलेली असते.

याच मुलखावर राज्य करणाऱ्या हैदराबादेत एकेकाळी उस्मानिया विद्यापीठाने वैद्यक उर्दूतून शिकवलं होतं. १९१८ सालचं ते विद्यापीठ, त्याच्या आधी वर्षभर भाषांतराचं खातं काढलेलं. त्या युनानी-अरबी परिभाषेत गर्भाशयाला शब्द आहे रहिम. रहम, म्हणजे दया, हाही त्याच धातूतला. हा शब्द उचलून आणा असं मी म्हणत नाही. तोही वहिनींना कळला नसताच. सांगायचं एवढंच की अवयवाला पिशवीच म्हटलं पाहिजे असा काही सृष्टीचा नियम नाही.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. गर्भाशयं शब्दांमुळे निघत नाहीत. पैशाच्या हावेमुळे, सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ नसल्यामुळे, ऊसतोडीतल्या खाड्यामुळे, कॅन्सरच्या भीतीमुळे निघतात. शब्दकोश सुधारल्याने हाव कमी होणार आहे का? नाही होणार. पण हावेला सही लागते. आणि सही मिळते ती शब्दावर. बाईने 'पिशवी'वर अंगठा उठवला आणि डॉक्टरने 'बीएसओ' लिहिलं, तर त्या दोन शब्दांमधल्या फटीतून दोन बीजकोश गायब होतात आणि कायद्याच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित दिसतं.

खरं तर कायदाही तसं म्हणत नाही. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. दिल्लीतल्या या बाईंनी दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिली होती. भुलेखाली असताना त्यांचं गर्भाशय, नळ्या आणि बीजकोश काढले गेले. त्यांच्या आईची संमती घेतली होती. न्यायालयाने ही संमती मानली नाही. कशासाठी, काय, त्याला पर्याय कोणते, धोके कोणते, हे रुग्णाला समजेल असं सांगून घेतलेली संमती हीच संमती, आणि एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. पुढे ५ एप्रिल २०२३ ला याच न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला. त्यात राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत. उत्तम. पण समितीसमोर जो कागद जाणार, त्यावर बाईला कळणारा एक तरी शब्द असणार आहे का?

दोन्ही राज्यांच्या भाषाभक्तांना इथे विचारावंसं वाटतं. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणीबरोबर बीदर, भालकी आणि ८६५ गावांचा ठराव केला. २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्या गावांना आपली आरोग्य विमा योजना देऊ केली, तर कर्नाटक सरकार संतापलं. कुणाच्या पैशाने सीमाभागातल्या माणसाचं पोट फाडायचं यावर दोन मुख्यमंत्री भांडले. फाडण्याआधी त्याला कुठल्या भाषेत सांगायचं यावर एकानेही अवाक्षर काढलं नाही. दुकानाच्या पाटीवर अक्षरं किती इंच उंच हवीत यासाठी काचा फुटतात. संमतीपत्रासाठी अजून एक काचही फुटलेली मी ऐकली नाही. (फोडा असं म्हणत नाही, असो.)

मला विचाराल तर करायचं ते अवघड नाही. पिशवी हा शब्द हाकलू नका. तो बाईचा आहे. तो फोडून दाखवा. पिशवी, पिशवीचं तोंड, दोन नळ्या, आणि दोन बीजकोश, जिथे बी तयार होतं आणि जिथून हाडामांसाला जोर मिळतो. बी-बियाणं कळणाऱ्या शेतकरणीला यातलं काय कळणार नाही? एक चित्र काढा, त्यावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार लिप्यांत ही चार नावं छापा, आणि काय काढणार त्यावर तिच्यासमोर खूण करा. गोरबोलीला चित्रच पुरेल. मग तिलाच विचारा, 'बाई, काय काढणार सांगा बघू?' तिने बरोबर सांगितलं तर सही घ्या. याला विद्यापीठ लागत नाही, परिभाषा समिती लागत नाही. कागदाची एक बाजू लागते.

आणि हे बीदरचं दुखणं आहे, आपलं काय, असं म्हणून गोमंतकीय वाचकाने पान उलटू नये. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकाची शाळा सुरू झाली, तिथे शतकभर पोर्तुगीजमधून शिकून डॉक्टर बाहेर पडले आणि कोंकणी-मराठी रुग्णांना तपासत राहिले. पोर्तुगीज गेली, इंग्रजी आली. टेबलापलीकडचा माणूस होता तिथेच आहे. उलट आता त्याच स्टुलावर कळंगुटच्या किनाऱ्यावर माळा विकणारी लमाणी आहे, आपल्या बंगल्याच्या विटा वाहणारी उत्तर कर्नाटकातली बाई आहे. राजभाषा कायदा १९८७ चा. त्यात कोंकणी आहे, मराठीलाही जागा आहे, आणि त्यावरून आपण अजून भांडतो. भांडूया. फक्त पुढच्या वेळी घरातल्या कुणाची 'पिशवी काढायची' ठरली, तर भांडण थोडं थांबवून डॉक्टरना एवढं नक्की विचारा: पिशवी म्हणजे नक्की काय काय?